मालक लक्ष देईना, तेव्हा आम्ही वाडा कसा साफ करून घेतला

धुळ्याच्या जुन्या गावात आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना नंबराच्या गल्ल्या आहेत. 1818 नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने पेठ आखली, ती सरळ गल्ल्यांचीच. घराचं तोंड गल्लीकडे आणि पाठ अरुंद बोळाकडे. गल्लीकडे ओटा असतो, दाराला रंग असतो, दिवाळीला रांगोळी असते. सांडपाणी, संडास आणि नको असलेलं सगळं मागच्या बोळात. आमचा वाडाही असाच आहे. खाली चार आणि वर चार बिऱ्हाडं, मधे फरशीचा चौक, चौकात सिमेंटचा हौद, आणि बोळाच्या बाजूला आठ घरांत मिळून दोन संडास.

मालकाचे वडील होते तोवर दसऱ्याआधी हौद खरवडला जायचा, दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायला गाडी यायची, आणि चौक-बोळ झाडायला एक मावशी रोज यायच्या. ते गेले. मुलगा नाशिकला स्थायिक झाला. भाडं घ्यायला मुनीमकाका येतात. आधी मावशींचे पैसे बंद झाले. मग जिन्यातला दिवा गेला, तो गेलाच. टाकीचं झाकण फुटलं, त्यावर कुणीतरी जुना पत्रा टाकला. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते, म्हणून मालकाला त्यासाठी फोन करायला कुणी पुढे येत नाही.

एका पावसाळ्यात टाकी भरून वाहू लागली. सेप्टिक टँक वेळेवर उपसली नाही की तळाचा गाळ वर चढत जातो, पाण्याला जागा उरत नाही, आणि आत गेलेलं बाहेर येतं. आमच्याकडे ते बोळातून चौकातल्या मोरीपर्यंत आलं. मोरीपासून हौद चार हातांवर, आणि हौदाला तळाशी चीर. धुळ्यात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या खंडाने येतं. त्यामुळे आलं की हौद, ड्रम, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवायचं हा आमचा नेम. त्या साठ्याच्या शेजारी मैल्याचं पाणी उभं. खालच्या जिजींचं वय ऐंशीच्या पुढे, त्या काठी टेकत संडासाला जात आणि परत येऊन पाय धूत बसत. एकदा चौकात उभ्या राहून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आम्हीन काय ढोरं शेतस का? ढोरांना गोठा तरी झाडतस." म्हणजे, आम्ही काय गुरं आहोत का, गुरांचा गोठा तरी झाडतात. त्यानंतर कुणाला काही बोलायचं उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला डेंग्यू झाला. हिरे मेडिकलला त्याला दाखल केलं, पांढऱ्या पेशींबरोबर प्लेटलेटही उतरल्या होत्या. पोरगा सुखरूप घरी आला, पण वाड्यातल्या प्रत्येक आईची झोप गेली. डेंग्यूचा डास मैल्याच्या पाण्यात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आमचा धोका दुहेरी होता. उघड्या टाकीने जुलाब-काविळीचं भय, आणि झाकण नसलेल्या, महिनोन्‌महिने न खरवडलेल्या हौदाने डेंग्यूचं. पुढे पालिकेचे मलेरिया विभागाचे लोक आले, त्यांनी टॉर्च मारून हौदातल्या अळ्या दाखवल्या आणि गप्पी मासे सोडले. ते काम त्यांनी मन लावून केलं. पण मासे हौद खरवडत नाहीत, चीरही बुजवत नाहीत.

मालकांना फोन केला. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "सहाशे-सातशे रुपये भाडं देता, त्यात मी काय काय करू?" यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. माझं भाडं महिना 700 रुपये आहे, आणि आजच्या बाजारात तेवढ्यात सायकल ठेवायलाही जागा मिळत नाही. पण भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला दरवर्षी 4 टक्के वाढ घेता येते, ती त्यांनी कधी मागितलीच नाही. मागितली असती तर आम्ही दिली असती. आणि भाडं कमी आहे म्हणून माणसांनी मैल्यातून चालावं, असं कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही. सरळच सांगते, आम्ही कंटाळून घरं सोडावीत म्हणून हे चाललं आहे, अशी वाड्यात सगळ्यांचीच खात्री झाली होती. ती खरी की खोटी ते मी सिद्ध करू शकत नाही.

चौकात बैठक झाली. एसटीतून निवृत्त झालेले अप्पा म्हणाले, "भाडं बंद करा. मुनीम रिकाम्या हाताने गेला की शेठ आपोआप येईल." सगळ्यांना पटलं. रागाच्या भरात पटण्यासारखंच होतं. मी एवढंच म्हटलं की बंद करण्याआधी कुणालातरी विचारू.

विचारायला मी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, आणि त्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, स्त्री असणं पुरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कामगारांना आणि ठरलेल्या मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या कुणालाही हीच सोय आहे. 15100 या नंबरावर फोन करूनही चौकशी करता येते. मी खाजगी क्लासमध्ये गणित शिकवते, वकिलाची फी हा आमच्या घरात मोठाच प्रश्न होता. म्हणून वाड्यातर्फे अर्ज माझ्या आणि वरच्या वहिनींच्या नावाने केला.

वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत अप्पांचा बेत मोडून काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 15 प्रमाणे भाडेकरू भाडं देत आहे आणि अटी पाळतो आहे तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. हीच आपली ढाल. भाडं थांबवलं की मालक थकबाकीची लेखी नोटीस देतो, आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवसांत रक्कम चुकती झाली नाही तर दावा लावायला मोकळा होतो. मग कोर्टात टाकीचं कुणी विचारत नाही, थकबाकीचं विचारतात. त्या म्हणाल्या, "भाडं उलट आधीपेक्षा वेळेवर द्या. आणि हातात देऊ नका, खात्यात टाका, शेऱ्यात महिना लिहा. पावती मागा. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे." अप्पा कुरकुरले, पण दुसऱ्या महिन्यापासून त्यांनीच सगळ्यांची भाडी ऑनलाइन भरून द्यायला सुरुवात केली.

मग वकीलबाईंनी दोन कलमं समजावून सांगितली. ती मी इथे सविस्तर लिहिते, कारण आमचं सगळं प्रकरण त्यांवरच उभं राहिलं.

कलम 14 सांगतं की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्याने ते टाळलं तर एका भाडेकरूने किंवा अनेकांनी मिळून त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मिळून काम केलं असेल तर ज्याचं भाडं जेवढं तेवढ्या प्रमाणात त्याचा वाटा, आणि त्यावर सालीना 15 टक्के सरळव्याज. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त वळतं करता येत नाही. आणि हिशेब व बिलं नीट ठेवली असतील तर खर्चाचा तोच पुरावा ग्राह्य धरला जातो.

कलम 29 वेगळं आहे. मालकाला पुरेशा कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडता किंवा रोखून धरता येत नाही, आणि आवश्यक सेवांमध्ये पाणी, वीज, जिन्यातले व ये-जा करायच्या वाटेतले दिवे आणि स्वच्छता-सफाईची सेवा स्पष्ट नावानिशी धरलेली आहे. भाडेकरू कोर्टात अर्ज करू शकतो, कोर्ट सेवा पूर्ववत करायची तारीख घालून देतं. ती पाळली नाही तर दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. रक्कम आज हास्यास्पद वाटते. पण कैदेचा शब्द कागदावर असला की मुनीमकाकांचा आवाज बदलतो, हे मी पाहिलं आहे.

वकीलबाईंनी आधी दोन गोष्टी तपासल्या. एक, हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला लागू नाही, त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांनाच आहे. दुसरी, आम्ही कोण. सात बिऱ्हाडं जुनी भाडेकरू, पण वरचं एक बिऱ्हाड अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर. तो मुलगा खाजगी बँकेत आहे, 4,500 रुपये भरतो आणि मुदत संपल्यावर करार पुन्हा होईल की नाही हे मालकाच्या मर्जीवर. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नाही, त्याचे हक्क त्याच्या करारात असतील तेवढेच. म्हणून कलम 14 च्या नोटिशीवर त्याची सही घेतली नाही. पालिकेच्या तक्रारीवर मात्र त्याने आपणहून सही केली. सार्वजनिक आरोग्याची तक्रार करायला भाडेकरू असावंच लागत नाही. शेजारच्या वाड्यातल्या दोघांनीही केली, वास तर त्यांच्याही खिडकीत जात होता.

तक्रार लिहिताना एका प्रश्नावर आम्ही बराच वेळ अडलो. मुनीमकाका जाता जाता म्हणाले होते, "पालिकेला बोलवाल तर ते वाडाच धोकादायक ठरवतील, मग सगळ्यांनाच निघावं लागेल." जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना ही भीती किती खोल असते ते बाहेरच्याला कळणार नाही. दर पावसाळ्याआधी पडक्या घरांना नोटिसा लागतात, आणि एकदा बाहेर पडलेला माणूस परत येईलच याची खात्री कुणी देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, अर्ज स्वच्छतेचा आहे, स्वच्छतेचंच लिहा. जोर यावा म्हणून "इमारत केव्हाही पडेल" असली वाक्यं घालू नका. पण त्यांनी आम्हाला असंही विचारलं की एखादी भिंत खरोखर सुटली आहे का. सुटली असेल तर ते लपवायचं नाही, जीव आधी. हे त्यांचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आम्ही एका ओळखीच्या गवंड्याला आणून सगळ्या भिंती, कड्या, जिना दाखवला. वाडा भक्कम निघाला, मग निश्चिंतपणे अर्ज लिहिला.

अर्ज छोटा ठेवला, एका पानाचा. कुठल्या गल्लीत, घर क्रमांक काय, मालक कोण, टाकी केव्हापासून वाहते, हौदात काय आहे, घरात आजारी कोण पडलं. राग, टोमणे, मालकाच्या घराण्याचा इतिहास, सगळं काढून टाकलं. सोबत फोटो जोडले, प्रत्येकामागे तारीख. दोन प्रती नेल्या. एक आरोग्य विभागात आवक केली आणि दुसरीवर शिक्का, सही, क्रमांक घेतला. हा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढच्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येतो, "आवक नंबर आहे का?" हीच तक्रार आपले सरकारच्या तक्रार पोर्टलवरही टाकली. अर्जाचं काही कळलं नसतं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरायचा आणि तीस दिवसांत उत्तर मागायचं, किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लोकशाही दिनात उभं राहायचं, अशी तयारी होती. त्याची गरज पडली नाही.

स्वच्छता निरीक्षक आले. त्यांनी पंचनामा केला, चौकात उभं राहून जिजींशी बोलले, आणि मालकाच्या नावाने नोटीस काढली की टाकी उपसून, झाकण बसवून घ्या, नाहीतर पालिका करून घेईल आणि खर्च तुमच्याकडून वसूल करेल. आमच्या प्रकरणात पहिल्यांदाच एक कागद मालकाच्या नाशिकच्या दारात पोचला, जो आम्ही पाठवलेला नव्हता.

त्यानंतर जे झालं ते मला कधी विसरता येणार नाही.

एका सकाळी मुनीमकाका एका माणसाला घेऊन आले. बादली, दोर, एक कुदळ. तो माणूस पत्रा बाजूला करून टाकीत उतरायच्या तयारीत होता. वय पंचविशीचं असेल. पायात चप्पलसुद्धा नव्हती. मी धावत खाली गेले. अप्पा माझ्याआधी पोचले होते, ते टाकीच्या तोंडावर उभे राहिले. आम्ही म्हटलं, कुणी उतरायचं नाही. मुनीमकाका चिडले, "टाकी साफ करा म्हणून तुम्हीच कागद केले ना? आता साफ करायला माणूस आणला तर अडवता?"

सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस सफाईला उतरवणं हा गुन्हा आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामाला बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे, आणि त्यात गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हे बंधन फक्त पालिकेवर नाही, खाजगी मालकावरही आहे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. त्याचा वास थोड्या वेळाने नाकाला येईनासा होतो, आणि प्रमाण जास्त असलं तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाख केली. म्हणजे मधल्या वर्षांतही माणसं मरतच राहिली.

तो माणूस शांतपणे उभा होता. अप्पांनी त्याला ओट्यावर बसवलं, वहिनींनी चहा आणला. त्याला सांगितलेली मजुरी मुनीमकाकांनी त्याच वेळी द्यावी असा आम्ही आग्रह धरला, कारण त्याचा दिवस तर बुडालाच होता. त्यांनी निम्मी दिली, उरलेली आम्ही वर्गणी काढून दिली. आमचा संडास साफ व्हावा म्हणून कुणाचा मुलगा आत उतरणार असेल, तर तसली स्वच्छता आम्हाला नको होती. हे मी तेव्हाही मोठ्याने म्हटलं, आजही म्हणते. ज्या जातींच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं, त्यांच्याच घरातली पोरं आजही या टाक्यांच्या तोंडाशी उभी केली जातात, आणि आपण भाडेकरू म्हणून आपल्या हक्कांचं बोलताना हे नजरेआड करतो.

वकीलबाईंनी त्याच दिवशी मालकांना फोनवर या कायद्याची कल्पना दिली. पुढच्या आठवड्यात मैला उपसणारी गाडी आली. बोळ अरुंद, गाडी आत शिरेना, म्हणून गल्लीत उभी करून चौकातून लांब पाइप नेला. टाकीतून प्लॅस्टिक, चिंध्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या असं काय काय निघालं. हे मालकाने टाकलेलं नव्हतं, ते वाड्यातलंच होतं. त्यावरून बायकांमध्ये वाद झाले, एकमेकींकडे बोटं दाखवून झाली. शेवटी प्रत्येक घराने ओला आणि सुका कचरा वेगळा करून थेट घंटागाडीत टाकायचा, पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत द्यायचे, असं ठरलं आणि ते आजवर बऱ्यापैकी पाळलं जातं. संडास धुण्याची पाळी लावली तेव्हा मात्र दोन घरांतले पुरुष नाही म्हणाले. एकाचं म्हणणं, हे आमचं काम नाही. जिजी म्हणाल्या, "मंग जाणं बी बंद कर." त्याचं नाव यादीत गेलं.

उपसा झाला, पण झाकण, तुंबलेला चेंबर, फुटका पाइप आणि एका संडासाचं मोडकं दार तसंच राहिलं. तेव्हा कलम 14 ची नोटीस पाठवली. सात सह्या, कामांची यादी, पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवली आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवला. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टातच मिळवली आहे, त्यामुळे जुन्या सल्ल्याप्रमाणे "रजिस्टर एडी" मागायला गेलात तर गोंधळू नका. अप्पांना याच वेळी नवा, तिसरा संडास बांधायचा होता. वकीलबाईंनी तो बेत थांबवला. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर ते घर खाली करायला लावण्याचं कारण ठरतं. दुरुस्ती करा, नवीन काही उभं करू नका.

मुदत सरली, उत्तर आलं नाही, आणखी थोडे दिवस वाट पाहिली आणि काम काढलं. सगळं मिळून 11,200 रुपये लागले. सात घरांचं महिन्याचं भाडं 4,800, म्हणजे वर्षाचं 57,600, त्याचा चौथा हिस्सा 14,400. खर्च मर्यादेत बसला. माझ्या 700 रुपये भाड्याच्या प्रमाणात माझा वाटा 1,633 आला, आणि माझी स्वतःची वर्षाची मर्यादा 2,100. गणिताची शिक्षिका म्हणून हा तक्ता मीच केला, प्रत्येकाच्या नावापुढे वाटा, मर्यादा आणि किती महिन्यांत किती वळता करायचा ते लिहून मालकांना पाठवला. गवंड्याचं बिल, पाइपचं बिल, सुताराची सही, सगळं एका फाइलमध्ये. या हिशेबातच कायद्याचं दुबळेपणही दिसतं. भाडं कमी असलं की चौथा हिस्साही लहान. हौद नव्याने बांधायचा तर दोन-तीन वर्षांची मर्यादा जोडूनही पुरणार नाही. आणि टाकी उपसणं ही दुरुस्ती की सेवा, यावर वाद होऊ शकला असता. म्हणून तो खर्च आम्ही वळत्यात धरलाच नाही, तो पालिकेच्या नोटिशीवर आणि कलम 29 वर सोडला.

याहून पुढची एक वाट होती, प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा अर्ज. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152. त्या जुन्या कलम 133 वरच रतलामच्या रहिवाशांनी तिथल्या नगरपालिकेला उघड्या गटारांबद्दल कोर्टात उभं केलं होतं, आणि 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, "पैसे नाहीत" ही पालिकेची सबब मान्य केली नाही. वकीलबाईंनी ती गोष्ट सांगितली तेव्हा मला मालकांचं सहाशे-सातशे रुपयांचं उत्तर आठवलं. आमचा अर्ज लिहून तयार होता, पण त्याआधी मालकच बोलायला तयार झाले.

प्रकरण दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीच, लोकअदालतीत ठेवलं. मालक आले, आम्ही गेलो. त्यांना समोरासमोर पाहिल्यावर कळलं की वाडा त्यांनाही नकोसा झाला आहे, भावाभावांत वाटणीचा वाद आहे, आणि कुणी एकाने खर्च केला तर दुसरे देत नाहीत. ही आमची अडचण नव्हती, पण ऐकून घेतली. तडजोड लेखी झाली. टाकी दर दोन वर्षांनी गाडीने उपसायची आणि माणूस उतरवायचा नाही, हे शब्द मी आग्रहाने घालून घेतले. जिन्यातला दिवा मालकाच्या मीटरवर. झाडणाऱ्या मावशींच्या पगारात निम्मा वाटा मालकाचा, निम्मा आठ घरांचा. भाड्यात दरवर्षी 4 टक्के वाढ आम्ही मान्य केली. 11,200 चा वळता हिशेब मालकांनी कबूल केला. लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं आणि त्यावर अपील नसतं, म्हणून शब्दन्‌शब्द वाचून सह्या केल्या.

हौदाचं काम राहिलं आहे. तो नव्याने बांधायला मालक तयार नाहीत आणि आमची मर्यादा पुरत नाही, म्हणून सध्या चीर सिमेंटने बुजवून वर पत्र्याचं घट्ट झाकण केलं आहे आणि नळाला पाणी यायच्या आदल्या दिवशी तो पूर्ण रिकामा करून घासतो. बँकेतल्या मुलाचा करार येत्या मार्चला संपतो. तक्रारीवर सही केली म्हणून त्याला घर सोडावं लागू नये, यासाठी मालकांशी बोलणी चालू आहेत. अप्पांनी मुनीमकाकांना सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी आम्ही सगळेच चौकात असू.